एमएमएचा रेफ्री व्हायचंय? आधी हरणाऱ्याकडे बघायला शिका

मिक्स्ड मार्शल आर्ट्सची, म्हणजे एमएमएची, लढत बघायला बसलेल्या माणसाची नजर मारणाऱ्याकडे जाते. कुणाचा ठोसा बसला, कुणी कुणाला उचलून आपटलं, कुणाचा डाव लागला. प्रेक्षकांनी तसंच बघावं, त्यासाठीच ते येतात. रेफ्रीने मात्र मार खाणाऱ्याकडे बघायचं असतं. त्याचे डोळे कुठे आहेत, हात काय करतायत, मान ताठ आहे की लटकली, मार चुकवायला तो काही करतोय का नुसता पडून आहे. नवीन रेफ्रींना शिकवताना मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत असते. खाली जे लिहिलंय तेही सगळं याच्याच आजूबाजूचं आहे.

मी मूळची ज्युदोतली. खेळणं थांबल्यावर केजजवळ, म्हणजे लढतीच्या कुंपणबंद आखाड्याजवळ, यायला लागले. आधी टेबलावर घड्याळ घेऊन बसले, मग हौशी लढतींना आत उभी राहिले, मग व्यावसायिक लढतींना. या वाटेने यायचं असेल तर काय काय करावं लागतं, ते सांगते.

लढत थांबवायचा अधिकार

12 नोव्हेंबर 1993 रोजी डेन्व्हरमध्ये यूएफसी या लढती भरवणाऱ्या अमेरिकन कंपनीचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा आत रेफ्री होते, पण लढत थांबवायचा अधिकार त्यांना नव्हता. खेळाडूने स्वतः टॅप करायचं, म्हणजे हाताने थोपटून हार मानायची, नाहीतर त्याच्या कोपऱ्यातून, म्हणजे कोचकडून, लढत सोडल्याचा टॉवेल पडायचा. तोवर चालूच. मार्च 1994 मधल्या दुसऱ्या कार्यक्रमाला जॉन मॅकार्थी रेफ्री म्हणून आले. ते लॉस एंजलिसच्या पोलीस दलात होते. खेळाडूची अवस्था दिसत असूनही कोपरा टॉवेल टाकत नाही, हे त्यांनी दोन हातांवरून पाहिलं आणि आयोजकांना सांगितलं की थांबवायचा अधिकार देणार असाल तरच मी पुन्हा येईन. तिसऱ्या कार्यक्रमापासून तो अधिकार मिळाला. पुढे 2000 साली न्यू जर्सीच्या ॲथलेटिक कंट्रोल बोर्डाच्या पुढाकाराने युनिफाइड रूल्स, म्हणजे सगळीकडे सारखे नियम, आले, आणि 2009 मध्ये असोसिएशन ऑफ बॉक्सिंग कमिशन्सने, म्हणजे लढतींवर देखरेख करणाऱ्या कमिशनांच्या संघटनेने, ते स्वीकारले. आज जगभरातल्या बहुतेक लढती याच नियमांवर किंवा त्यांच्या जवळपासच्या नियमांवर होतात.

हा इतिहास मी मुद्दाम आधी सांगते. रेफ्रीचा अधिकार आला तो मार खाणाऱ्याला वाचवण्यासाठी. गुण मोजणं, शिस्त लावणं, वेळ सांभाळणं ही कामं दुसरंही कुणी करू शकतं. गुण तर आपण देतच नाही, ते तीन जज देतात. थांबवणं तेवढं आपल्याकडे आहे.

आधी मॅटवर या

पुस्तक वाचून रेफ्री होता येत नाही. स्वतः लढलेलं असायलाच हवं असं मी म्हणत नाही, पण जुजुत्सू, कुस्ती, ज्युदो यांपैकी एक आणि बॉक्सिंग किंवा मुए थाय यांपैकी एक, एवढं तरी अंगात मुरलेलं हवं. आठवड्यातून दोनदा-तीनदा, काही वर्षं. हर्ब डीन आणि मार्क गॉडर्ड हे आजचे नावाजलेले रेफ्री स्वतः व्यावसायिक लढती खेळलेले आहेत, आणि ते त्यांच्या उभं राहण्यातच दिसतं. डाव लागायच्या आधी ते योग्य बाजूला पोचलेले असतात.

कारण साधं आहे. हील हुक घ्या. टाच बगलेत अडकवून पाय पिळायचा डाव. यात गुडघ्याचे स्नायुबंध तुटतात आणि वेदना बऱ्याचदा त्यानंतर पोचते. चेहऱ्यावर काही दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. हा डाव स्वतःवर लावून घेतलेला रेफ्री चेहऱ्याकडे बघतोच, पण टाच किती खोल गेली आणि गुडघा कुठल्या दिशेला वळतोय हेही बघतो. आर्मबारमध्ये, म्हणजे हात ताणून कोपर उलट वाकवायच्या डावात, कोपर कुठे येतं, किमुरामध्ये, म्हणजे हात पाठीकडे पिळायच्या डावात, खांदा कधी सुटायच्या बेतात असतो, हे हाताला माहीत असावं लागतं.

19 जून 2004 च्या यूएफसी 48 मध्ये फ्रँक मिरने टिम सिल्व्हियाचा हात आर्मबारमध्ये धरला होता. हर्ब डीनने झेप घेऊन लढत थांबवली. सिल्व्हिया भडकला, मला काही झालेलं नाही म्हणून वाद घालू लागला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. मग पडद्यावर ते पुन्हा दाखवलं आणि पुढच्या हाताचं हाड मोडताना सगळ्यांनी पाहिलं. सिल्व्हियाने टॅप केलेलं नव्हतं, थांबवू नका म्हणत होता, आणि तरीही डीनची नजर त्याच्या हातावरून हलली नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी ही चित्रफीत आवाज बंद करून दाखवते.

मॅटवर राहण्याचं आणखी एक कारण म्हणजे अंगात ताकद टिकते. जड वजनगटातल्या, भान हरपून मारत सुटलेल्या माणसाला बाजूला करायचं असतं, आणि ते फक्त आरडाओरड करून होत नाही.

आत शिरायची वाट

थेट रेफ्री म्हणून कुणी घेत नाही, आणि घेऊही नये. सुरुवात टेबलापासून करा. टाइमकीपर व्हा. राउंड पाच मिनिटांची, मध्ये एक मिनिट विश्रांती, साध्या लढतीला तीन राउंड आणि विजेतेपदाच्या लढतीला पाच. राउंड संपायला दहा सेकंद उरली की लाकडी ठोकळे वाजवायचे. काम सोपं वाटेल, पण टेबलावर बसल्यावर रेफ्रीचा इशारा बाहेरून कसा दिसतो हे कळतं. कुठला हात उंच केला म्हणजे वेळ थांबवायची, कुणाची पाठ आडवी आली की काहीच दिसत नाही. पुढे आत गेल्यावर तुमचे इशारे आपोआप स्वच्छ होतात.

त्यानंतर इन्स्पेक्टरचं काम मिळतंय का बघा. इन्स्पेक्टर ड्रेसिंग रूममध्ये खेळाडूबरोबर असतो, हातावरच्या पट्ट्या बांधताना लक्ष ठेवतो, ग्लोव्हवर सही करतो, विश्रांतीच्या मिनिटात कोपऱ्यात उभा राहतो. खेळाडू लढतीआधी किती घाबरलेला असतो आणि कोच काय काय बोलतो, हे इथे ऐकायला मिळतं. जजचं प्रशिक्षणही घेऊन ठेवा, पण एकाच कार्यक्रमात दोन्ही कामं अंगावर घेऊ नका.

प्रशिक्षणासाठी असोसिएशन ऑफ बॉक्सिंग कमिशन्सची मान्यता असलेले अभ्यासक्रम आहेत. मॅकार्थी यांनी कमांड नावाचा अभ्यासक्रम सुरू केला. हौशी खेळासाठी 2012 मध्ये स्थापन झालेली आयएमएमएएफ ही आंतरराष्ट्रीय संघटना पंचांना टप्प्याटप्प्याने तयार करते. प्रमाणपत्र म्हणजे दार ठोठवायची परवानगी. दार उघडतं कमिशन किंवा लढतींना मान्यता देणारी संस्था. लायसन्स त्यांच्याकडून घ्यायचं, डोळ्यांची आणि शरीराची तपासणी करून द्यायची, आणि ठरावीक मुदतीने नूतनीकरण करायचं.

एक गोष्ट पक्की करून घ्या. रेफ्रीची नेमणूक कमिशनने करावी, आयोजकाने नव्हे. ज्याचे पैसे मुख्य खेळाडूवर लागलेत, त्यानेच रेफ्री निवडायचा, हे बरोबर नाही. जिथे कमिशन नाही तिथे निदान स्वतंत्र संस्था असावी. तीही नसेल तर मी नवीन माणसाला सांगते, तिथे जाऊ नको. अशा ठिकाणी डॉक्टर आणि रुग्णवाहिका आहे का, हाही प्रश्न असतो. डॉक्टर केजजवळ येऊन बसल्याशिवाय मी लढत सुरू करत नाही.

पहिली काही वर्षं हौशी लढतींत घालवा. राउंड तीन-तीन मिनिटांची असते, पायाला शिनगार्ड असतात, कोपराने मारायला बंदी असते. पण तिथले खेळाडू नवखे असतात, घाबरल्यावर पाठ फिरवतात, टॅप करायला लाजतात. लढत थांबवायचा सराव तुम्हाला तिथेच होतो. हौशी लढतीत मी व्यावसायिक लढतीपेक्षा लवकर थांबवते, आणि तुम्हीही थांबवा. त्या मुलाला दुसऱ्या दिवशी कॉलेजला नाहीतर कामावर जायचं असतं.

नियमावली: कुठली आवृत्ती, हे आधी विचारा

नियम एकदा पाठ केले की झालं, असं नाही. ते बदलतात, आणि सगळीकडे एकदम बदलत नाहीत. खाली असलेल्या खेळाडूच्या डोक्यावर गुडघा किंवा लाथ मारायची नाही, हा युनिफाइड रूल्सचा नियम. पण खाली असलेला म्हणजे कोण? याची व्याख्या 2017 मध्ये बदलली. ती सगळ्या कमिशनांनी स्वीकारली नाही, त्यामुळे कितीतरी वर्षं एका ठिकाणी चालणारा गुडघा दुसरीकडे फाउल ठरायचा. 1 नोव्हेंबर 2024 पासून नवी व्याख्या आली. हाताचे पंजे आणि पावलं सोडून शरीराचा कुठलाही भाग जमिनीला लागला, तरच खेळाडू खाली आहे असं धरायचं. नुसता पंजा टेकवून आता संरक्षण मिळत नाही. त्याच दिवसापासून कोपर सरळ वरून खाली मारायची जुनी बंदीही गेली. याच बंदीपायी डिसेंबर 2009 मध्ये जॉन जोन्स मॅट हॅमिलविरुद्धची हातात आलेली लढत अपात्र ठरून हरला होता. आणि वन चॅम्पियनशिप या आशियातल्या संस्थेच्या नियमांत खाली असलेल्याच्या डोक्यावर गुडघा चालतो.

म्हणून प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी लेखी विचारायचं, आज कुठली आवृत्ती? आणि तेच दोन्ही ड्रेसिंग रूममध्ये सांगायचं.

ड्रेसिंग रूममधली पाच मिनिटं

नवीन रेफ्री ही पाच मिनिटं नियमांची यादी म्हणून दाखवण्यात घालवतात. खेळाडू मान डोलावतो, ऐकत काहीच नाही. मी खाली बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन बोलते.

"चोकमध्ये अडकलास तर मी विचारीन. ठीक असशील तर अंगठा दाखव. दाखवला नाहीस तर तू बेशुद्ध आहेस असं मी धरीन."

"हो, मॅडम."

"मार खाताना मी 'बचाव कर' म्हणाले, तर काहीतरी बदल. फिर, पकड, पाय आत घाल. हात तोंडावर धरून पडून राहिलास तर थांबवणार."

"डोक्यावर हात असले तरी?"

"तरी."

हा शेवटचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि त्याचं उत्तर लढतीआधीच मिळालेलं बरं. ओरडणं म्हणजे टॅप, हेही सांगायचं. सांध्याचा डाव लागलेला असताना तोंडातून किंकाळी निघाली तर मी थांबवणार, मग नंतर तो श्वास सोडत होतो म्हणाला तरी चालणार नाही. कोचलाही समोर उभं करून विचारते, तुम्हाला तुमचा खेळाडू थांबवायचा असेल तर कसं कळवणार? टॉवेल, हाक, इन्स्पेक्टर, जे असेल ते ठरवून घेते. चांगला कोच स्वतःच्या खेळाडूला रेफ्रीपेक्षा जास्त ओळखतो. तो उठून उभा राहिला, नुसता चुळबुळ करायला लागला, तरी मी खेळाडूकडे आणखी निरखून बघते.

केजच्या दारात पुन्हा तपासणी. माउथगार्ड, गार्ड कप, ग्लोव्हची शिवण, नखं, अंगाला काही चोपडलंय का. व्हॅसलिन चेहऱ्यावर आणि तेही कट मॅनच्या, म्हणजे जखमा सांभाळणाऱ्याच्या, हातून, बाकी कुठे नाही.

कुठे उभं राहायचं

उभ्याने लढत चालू असताना दोघांपासून सारख्या अंतरावर, त्रिकोणाच्या टोकावर राहा. दोघांचे चेहरे दिसले पाहिजेत. ते फिरले की तुम्ही फिरा, पाय एकमेकांवर टाकू नका, कुंपणात अडकू नका. एखाद्याचे गुडघे डगमगले की एक पाऊल आत. तो पडायच्या आधी तुम्ही हाताच्या अंतरावर हवेत.

जमिनीवर गेले की खाली असलेल्याच्या डोक्याकडे जा. जज आणि कॅमेरा यांना अडवू नये हे खरं, पण दोन्ही साधत नसेल तर डोक्याकडेच. गुडघा टेकवा, गरज पडली तर पोटावर झोपा. रेफ्रीला जमिनीवर झोपलेलं बघून लोक हसले तर हसू देत.

मागून लावलेला चोक जरा जवळून बघू. हल्ला करणारा पाठीवर आहे, पाय कमरेभोवती, एक हात हनुवटीखाली. रक्तवाहिन्या दोन्ही बाजूंनी नीट दाबल्या गेल्या तर शुद्ध जायला दहा सेकंदही पुरतात. तुम्ही चेहरा दिसेल आणि मोकळा हात दिसेल अशा बाजूला या. आता त्या खेळाडूची बोटं बघा. जोवर तो हल्ला करणाऱ्याच्या मनगटाला बोटं खुपसून ओढतोय, तोवर तो लढतोय. चेहरा लाल झालाय, डोळे घट्ट मिटलेत, चालेल. मग एका क्षणी बोटं सैल पडतात. हात मनगटावरच असतो, पण त्यात जीव नसतो. पावलं ढकलायची थांबतात. कधी कधी घशातून घोरल्यासारखा आवाज येतो. ही खूण दिसली की विचारायचं, अंगठा आला नाही तर मनगट हलकेच उचलून बघायचं, हात पडला तर थांबवायचं. हे सगळं एका श्वासात. उचलताना पकडीला धक्का लागता कामा नये, नाहीतर तुम्ही एकाचा डाव मोडलात. आणि डोळे उघडे पण रिकामे दिसले, तर मनगट वगैरे काही न बघता सरळ थांबवा.

चेहरा मॅटमध्ये दाबला गेलेला असला तर बोटांशिवाय काहीच दिसत नाही. तेवढ्यावर भागवायला शिका.

ठोसे पडत असताना

किती ठोसे बसले हे मोजू नका. दहा ठोशांनंतरही एखादा पूर्ण भानावर असतो, आणि एकाच ठोशात सगळं संपलेलं असतं. नियम म्हणतो, खेळाडू स्वतःचा शहाणपणाने बचाव करतोय का ते बघा. प्रत्यक्षात मी तीन गोष्टी बघते. तो मारणाऱ्याकडे बघतोय का. त्याच्या हालचालीमुळे पुढचा ठोसा चुकतोय किंवा हलका पडतोय का. आणि मी बोलल्यावर काही बदलतंय का.

पडता पडता ज्याचे डोळे मारणाऱ्यावर परत येतात, पाय आपोआप गार्डमध्ये, म्हणजे समोरच्याला अडवायच्या स्थितीत, यायला बघतात, त्याला थोडी संधी द्या. तो लढतीत आहे. जो बाजूला वळून, गुडघे पोटाशी घेऊन, चेहरा लपवतो, त्याला एकदाच मोठ्याने सांगा, बचाव कर. कोपऱ्यालाही ऐकू जाऊ दे. त्याने काही केलं नाही तर आत जा. ज्याचं डोकं मॅटवर आपटून परत उसळलं, किंवा जो पडला आणि हात हवेत ताठ राहिले, त्याच्या बाबतीत बोलायचंच नाही. ताठ झालेले हात म्हणजे मेंदूला मार लागलाय, पुढचा ठोसा पडायच्या आत तुम्ही मध्ये हवेत.

लवकर थांबवलं तर एका खेळाडूची जिंकायची संधी जाते. हे नुकसान खरं आहे, त्याने त्या रात्रीसाठी महिनोन्‌महिने घाम गाळलेला असतो, घरातले बघत असतात. उशीर झाला तर मात्र जे जातं ते परत मिळत नाही. या दोन्हींत मला एका ठोशाने लवकर थांबवणारा रेफ्री जास्त पटतो. त्यावर ओरडा होतो. होऊ दे.

थांबवायचंही तंत्र आहे. मागून खांदा ओढू नका, मारणारा त्या ओढीतही आणखी दोन ठोसे टाकतो. दोघांच्या मध्ये घुसा, छाती खाली पडलेल्याच्या डोक्यावर आणा, एक हात मारणाऱ्याच्या काखेतून घालून त्याला वर उचला, आणि थांब म्हणताना तुमचा चेहरा त्याला दिसू द्या. हात हवेत हलवायचा तो नंतर, टेबलाला वेळ टिपता यावी म्हणून. आधी हात हलवत धावणारे रेफ्री मी पाहिलेत, तेवढ्या वेळात मार पडत राहतो.

मग हरलेल्याजवळ थांबा. त्याला कळलेलंच नसतं. शुद्धीवर येता येता तो तुमचाच पाय पकडून तुम्हाला पाडायला बघेल, असं खूपदा होतं. झटकू नका. वजन खाली टाका, खांद्यावर हात ठेवा, नावाने हाक मारा. "संपली लढत. मी रेफ्री आहे. पडून राहा." उभं राहायचा हट्ट करेल, राहू देऊ नका. डॉक्टर येईपर्यंत विजेत्याचा जल्लोष, कॅमेरा, कोच, सगळ्यांना त्याच्यापासून लांब ठेवणं तुमचं काम.

फाउल

इथे नवखे फार डळमळतात, म्हणून जरा थांबते.

कमरेखाली मार बसला तर खेळाडूला सावरायला पाच मिनिटांपर्यंत वेळ असतो. तो त्याच्या हक्काचा आहे, घाई करू नका, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवून हिणवत असतील तर त्याला सांगा, तुझा वेळ आहे, घे. डोळ्यात बोट गेलं तर मात्र सगळं डॉक्टरांवर असतं. डॉक्टर बघतात, आणि लढू शकतो म्हणाले की सुरू करायचं. म्हणून डोळ्याच्या फाउलमध्ये मी पहिल्यांदा दुसऱ्या खेळाडूला लांबच्या कोपऱ्यात पाठवते, मग याला सांगते, चोळू नको. दिसतंय का, असा प्रश्न मी स्वतः घाईने विचारत नाही. नुकतं बोट गेलेल्या माणसाला कुठे काय दिसणार! त्याने नाही म्हटलं की लढत संपण्याच्या वाटेला लागते. डॉक्टरांना शांतपणे तपासू द्या.

अनवधानाने झालेल्या फाउलमुळे लढत थांबली तर कुठवर आली होती ते बघायचं. तीन राउंडच्या लढतीत दोन आणि पाच राउंडच्या लढतीत तीन राउंड पूर्ण झाल्या असतील तर जजच्या गुणांवर निकाल, त्याआधी नो कॉन्टेस्ट, म्हणजे कुणीच जिंकलं-हरलं नाही. मार्च 2021 मध्ये लिऑन एडवर्ड्सचं बोट बेलाल मुहम्मदच्या डोळ्यात गेलं. लढत पाच राउंडची, चालू होती दुसरी. नो कॉन्टेस्ट. त्याच महिन्यात, 6 मार्चला, पेत्र यानने गुडघा टेकलेल्या अल्जमेन स्टर्लिंगच्या डोक्यावर गुडघा मारला. तो मुद्दाम मारलेला धरला गेला, यान अपात्र ठरला आणि विजेतेपद स्टर्लिंगकडे गेलं. मुद्दाम की अनवधानाने, हे ठरवायला तुमच्याकडे काही सेकंद असतात. जाहीर करण्याआधी स्वतःशी एकदा पक्कं करा आणि मग बदलू नका.

कुंपण पकडण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. पहिल्यांदा इशारा, दुसऱ्यांदा इशारा, तिसऱ्यांदाही इशारा, असं चालताना दिसतं. दरम्यान समोरच्याची अख्खी टेकडाउन, म्हणजे जमिनीवर पाडायची चाल, बोटांनी चोरलेली असते. पकडल्यामुळे लढतीची स्थितीच बदलली असेल तर गुण कापा, पहिल्याच वेळी. त्याला त्यातून वरचढ जागा मिळाली असेल तर दोघांना उभं करून पुन्हा सुरू करा. गुण कापताना वेळ थांबवा, खेळाडूला दाखवा, टेबलाला आणि तिन्ही जजना कुणाचा, किती आणि कशासाठी हे मोठ्याने सांगा. गुण कापलाय हे एखाद्या जजला कळलंच नाही तर निकाल चुकतो.

माउथगार्ड पडला तर लगेच थांबवू नका. धुमश्चक्री जरा मंदावली की वेळ घ्या, धुऊन घालायला लावा.

पैसे, लोक आणि घर

मानधन लढतीगणिक किंवा कार्यक्रमागणिक मिळतं. यावर घर चालवणारे जगात मोजकेच आहेत, बाकी सगळे दुसरी नोकरी सांभाळून हे करतात. शनिवार-रविवार जातात, रात्री जातात, मुक्काम पडतात. घरच्यांशी आधी बोलून घ्या.

शिव्या पडणार. मोठी लढत झाली की हजारो लोक तुमचं नाव घेऊन लिहितात. त्या रात्री वाचू नका. दोन दिवसांनी स्वतः चित्रफीत बघा. ज्या जिममध्ये तुम्ही सराव करता, तिथल्या खेळाडूची लढत घेऊ नका. नेमणूक आली तर आपणहून कळवा. खेळाडूंबरोबर फोटो, पार्ट्या, समाजमाध्यमांवर कौतुक, सगळं बंद. यात आपण एकटे पडतो, हे खरंय. म्हणून दुसऱ्या रेफ्रींशी मैत्री ठेवा, त्यांच्याशीच मोकळेपणाने बोलता येतं.

मुलींनो, हे काम तुमचंही आहे. किम विन्स्लो ही यूएफसीमध्ये रेफ्री म्हणून उभी राहिलेली पहिली स्त्री. बायका पुरुषांना कशा आवरणार, हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. वजनापेक्षा वेळेवर पोचणं आणि योग्य कोनातून मध्ये घुसणं महत्त्वाचं असतं, आणि ते सरावाने येतं. सरावासाठी आपल्यापेक्षा जड जोडीदार मागून घ्या.

पिशवी आणि वही

काळी पँट, काळा शर्ट, मऊ तळव्याचे स्वच्छ बूट, डिस्पोजेबल हातमोज्यांच्या चार-पाच जोड्या, छोटा टॉवेल, नखं कापायचं यंत्र, चिकटपट्टी, कात्री टेबलावर. घड्याळ, अंगठी, कानातलं काढून ठेवायचं. चष्मा असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स आणि एक जादा जोडी. पहिल्या लढतीआधी एक तास रिकाम्या केजमध्ये जाऊन चालून बघा. कॅनव्हास कुठे सैल आहे, दाराची कडी लागते का, खांबांवरचं पॅडिंग हलतंय का. रंगीत जाहिरात छापलेल्या भागावर पाय घसरतो, तोही तपासा.

कार्यक्रम संपला की त्याच रात्री वहीत लिहा. प्रत्येक लढतीसाठी दोन-तीन ओळी पुरतात: थांबवली तेव्हा मी कुठे उभी होते, हरणाऱ्याचं काय दिसत होतं, काय दिसत नव्हतं. नंतर चित्रफीत दोनदा बघा, एकदा आवाजाशिवाय पूर्ण लढत आणि एकदा फक्त हरलेल्या खेळाडूवर नजर ठेवून. जिथे वहीतलं आणि चित्रफितीतलं जुळत नाही तिथे खूण करा आणि पुढच्या मॅटच्या सरावात तीच स्थिती जोडीदाराला लावायला सांगा. कमिशनने मागितलेला अहवालही या वहीवरून लिहिता येतो, आणि लायसन्स नूतनीकरणाच्या वेळी काही ठिकाणी वर्षभरातल्या लढतींची यादी मागतात, ती हाताशी असते. डोळ्यांची तपासणी त्याच महिन्यात उरकून घ्या.